भोवरा छाप दोरीचा माफीनामा

त्या पत्रात एकूण नऊ ओळी होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी मी त्या टाइप केल्या, लेटरहेडवर छापल्या, खाली सही केली, कंपनीचा गोल शिक्का मारला आणि पाकीट रजिस्टर पोस्टाला पाठवून डबा उघडला. डब्यात गवारीची भाजी होती, हे मला अजून आठवतं. किती निवांत जेवलो मी त्या दिवशी. आज सगळ्यात जास्त राग मला त्या निवांतपणाचा येतो.

सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या एका दोरीच्या कारखान्याचं ऑफिस मी गेली कित्येक वर्षं सांभाळतोय. लोक जिला नायलॉनची दोरी म्हणतात, ती आम्ही बनवतो. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, त्याचे तंतू काढायचे, मशीनवर पीळ द्यायचा, लडी बांधायची आणि लडीभोवती कागदी पट्टी चिकटवायची. पट्टीवर लाल भोवरा, त्याला गुंडाळलेली जाळी, आणि खाली आडव्या अक्षरांत ‘भोवरा छाप’. धुळे, नंदुरबार, जळगावच्या आठवडी बाजारांत गिऱ्हाईक दोरीचं नाव घेत नाही, नुसतं ‘भोवरा दे’ म्हणतं. म्हणायचं, असं लिहायला हवं आता.

माझे वडील कोकणातून सिल्वासाच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. मी काही शिक्षक झालो नाही. तरी कारखान्यात शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे मला गुरुजी म्हणतात. त्यात वडिलांचा संबंध नाही. मी माणसांना शुद्धलेखन घालतो म्हणून म्हणतात. म्हणजे माफीनामे.

कुणी गावी जाऊन चार दिवस उशिरा आला, कुणी गोदामापाशी बिडी ओढताना सापडला, कुणाची सुपरवायझरशी तोंडातोंडी झाली, की तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. मी कोरा कागद पुढे सरकवायचो आणि सांगत जायचो: माझ्याकडून चूक झाली आहे, ती मी कोणत्याही दबावाशिवाय मान्य करतो, पुन्हा असे होणार नाही, मला माफ करावे. शब्द चुकला तर मी खोडू द्यायचो नाही. ‘खाडाखोड चालणार नाही, नवा कागद घे.’ मग सही, तारीख, कागद फायलीत, माणूस मशीनवर. दुसऱ्या दिवशी दोघेही विसरून जायचो. कुणाला घरी बसवायचं नाही, चौकशी नाही, आरडाओरडा नाही. मी स्वतःला दयाळू समजत होतो. खरं सांगायचं, तर त्या कागदावर काय लिहिलंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तो कागद म्हणजे मिटवण्याची एक रीत होती, एवढंच.

शेठचे वडील वारले त्या आठवड्यात ती नोटीस आली.

शेठ मूळचे धुळ्याकडचे. त्यांच्या वडिलांचा उभा जन्म आठवडी बाजारात सुताचे आणि अंबाडीचे दोर विकण्यात गेला. प्रत्येक दोराला ते एक चिठ्ठी बांधायचे, आणि चिठ्ठीवर शिसवी लाकडाच्या ठशाने भोवरा उमटवायचे. का, तर बऱ्याच गिऱ्हाइकांना वाचता येत नसे, भोवरा मात्र सगळ्यांना ओळखू येई. मुलाने इथे येऊन मशीनची दोरी सुरू केली तेव्हा त्याने तोच भोवरा छापायला घेतला. तो लाकडी ठसा शेठच्या केबिनमध्ये कपाटावर असायचा. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की त्या ठशालाही हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे, आणि ते काम माझं. हे मुद्दाम लिहितोय. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

नोटीस मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची होती. तीही दोऱ्या आणि ताडपत्र्या विकणारी. भोवऱ्याचं चिन्ह आमच्या नावावर नोंदलेलं आहे, तुम्ही त्याची नक्कल करताय, पंधरा दिवसांत उत्तर द्या, असं चार पानांत म्हटलं होतं. आम्ही आमचा भोवरा कधी नोंदवलाच नव्हता. बापाचा छाप नोंदवायचा असतो, हे सुचलंच नव्हतं कुणाला.

शेठ गावी होते. मी फोन केला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

‘आत्ता काय सांगू गुरुजी तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘इथं माणसं बसेल आहेत. तुम्हीच पाहा. नरमाईनं घ्या अन् मिटवून टाका.’

मिटवून टाका म्हटल्यावर मी काय केलं? जे मला येत होतं तेच. बसलो आणि माफीनामा लिहिला. फक्त इंग्रजीत. आपल्या मालाचं बाजारातलं नाव पाहून आम्ही आपलं भोवऱ्याचं चिन्ह वापरलं, ही आमची चूक आहे, ती आम्ही कोणत्याही दबावाशिवाय मान्य करतो, पुन्हा असे होणार नाही, क्षमा असावी. आपल्या मालाचं नाव पाहून! त्यांचा माल मी तोवर पाहिलाही नव्हता. पण चुकीला काही कारण लिहावं लागतं. कारणाशिवाय माफीनामा अर्धवट वाटतो, म्हणून एक कारण लिहिलं.

तेराव्यानंतर शेठ परत आले, डोक्यावर नुकतेच केस उगवू लागलेले. ‘त्या नोटिशीचं काय झालं?’ त्यांनी विचारलं.

‘मिटवलं शेठ. नरम पत्र दिलं.’

‘बरं झालं,’ म्हणाले. प्रत मागितली नाही त्यांनी, आणि मीही दाखवली नाही. महिनाभराने पट्ट्या संपत आल्या, तेव्हा भोवऱ्याच्या नव्या पट्ट्यांची ऑर्डर माझ्याच सहीने वापीच्या प्रेसला गेली. पुन्हा असे होणार नाही, हे मी लिहून दिलंय, हे त्या क्षणी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माफीनाम्यातलं शेवटचं वाक्य कुणी कधी खरं धरतं का?

मुंबईच्या कोर्टातून समन्स आलं तेव्हा दाव्याच्या कागदांना माझं पत्र जोडलेलं होतं. त्यावर आमचा गोल शिक्का छान उठला होता.

मुंबईत आम्ही वकील केली ती तिशीतली मुलगी होती, बोलायला फटकळ. पहिल्याच भेटीत शेठनी पिशवीतून ठसा काढून तिच्या टेबलावर ठेवला. शिवाय एक जुना फोटो: बाजारात दोरांच्या ढिगामागे बसलेले शेठचे वडील, आणि मागच्या पत्र्यावर रंगवलेला भोवरा. तिचे डोळे चमकले. ‘हे तर त्यांच्या नोंदणीच्या कितीतरी आधीचं दिसतंय. तुमचा वापर आधीचा असेल तर नोंदणी त्यांच्याकडे असूनही आपल्याला लढता येतं. शेठ, ही केस चांगली आहे.’ मग तिने फाइलचं पान उलटलं आणि माझं पत्र वाचलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा आवाज बदलला होता.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मी,’ मी म्हणालो.

‘काका, तुम्ही लोकांनी नक्कल केलीच नव्हती, तर लिहिलंत कसं?’

शेठनी पत्र हातात घेतलं. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, पण नऊच ओळी होत्या. ओठ हलवत त्यांनी त्या वाचल्या आणि कागद खाली ठेवला. मला म्हणाले, ‘गुरुजी, मी तिकडं बापाच्या दहाव्याला डोकं भादरून बसेल होतो. अन् तुम्ही इकडं लिहून दिलं, की त्याचा छाप चोरीचा आहे.’

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ते पत्र मागे घ्यायचं. कसंही करून. मी प्रतिज्ञापत्र केलं. त्यात सगळं खरं लिहिलं, की आमच्या कारखान्यात अशी पत्रं लिहिण्याची पद्धत आहे, मजकूर खरा नाही, वाद मिटावा म्हणून लिहिला. वकीलबाईंनी विचारलं, ‘शेठना न विचारता लिहिलं, असं म्हणता येईल का?’ मी म्हणालो, ‘त्यांनी मिटवून टाका म्हटलं होतं.’ तिने पेन खाली ठेवलं. ‘काका, खोटं लिहायचं होतं तेव्हा इतकं सफाईदार लिहिलंत आणि आता खरं बोलून माझी वाट लावताय.’ शेठ हसले. त्या सगळ्या प्रकरणात ते एवढंच हसले असतील.

समोरच्या कंपनीने मग अर्ज दिला. प्रतिवादीने लेखी कबुली दिलेली आहे, तेव्हा साक्षीपुरावे न घेता कबुलीवरूनच निकाल द्यावा. असा अर्ज करता येतो, हे मला तेव्हा कळलं. साक्षीपुरावे न घेता म्हणजे ठसा नाही, फोटो नाही, आणि बाजारातला जो म्हातारा दुकानदार साक्षीला यायला तयार होता, तोही नाही. फक्त माझ्या नऊ ओळी.

तीनदा आम्ही वापीहून सकाळची गाडी पकडून गेलो. तिन्ही वेळा शेठनी ठसा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला. मी म्हणायचो, ‘शेठ, आज लागणार नाही.’ ते म्हणायचे, ‘लागला तर?’ कोर्टाच्या दारावर पिशव्या तपासणाऱ्या हवालदाराने एकदा तो उघडून पाहिला.

‘हे काय आहे?’

‘ठसा आहे साहेब. भोवऱ्याचा. बापाचा आहे.’

हवालदाराने तो उलटासुलटा केला, अंगठ्याने कोरीव काम चाचपलं. ‘जुनं काम दिसतंय. चांगलंय,’ म्हणाला आणि परत दिला. आमच्या पुराव्याची त्या इमारतीत झालेली तपासणी ती एवढीच.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी आमच्या वकीलबाईंना चारच गोष्टी विचारल्या. पत्रावरची सही नाकारता का? नाही. शिक्का नाकारता का? नाही. मग पत्राविरुद्ध जे काही सांगताय ते दावा आल्यानंतर सुचलेलं नाही कशावरून? पत्र पाठवल्यावर ते मागे घेणारं दुसरं पत्र का नाही पाठवलं? वकीलबाई बोलत राहिल्या, चांगल्या बोलल्या. मी मागच्या बाकावर बसून होतो, आणि उभं राहून ओरडावंसं वाटत होतं की अहो, मी रोज असलीच पत्रं लिहून घेतो, त्यात काही अर्थ नसतो! पण हे तर मी प्रतिज्ञापत्रात लिहिलंच होतं. आणि ते लिहूनही ऐकायला किती खोटं वाटत होतं. शेठची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

निकाल आमच्याविरुद्ध गेला. भोवरा वापरायचा नाही, उरलेल्या पट्ट्या नष्ट करायच्या. न्यायाधीशांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे सहीशिक्क्याचा कागद होता. वकीलबाईंनी फोनवर शेठना अपिलाचं समजावून सांगितलं. शेठ म्हणाले, ‘राहू द्या ताई. तिथंही हेच पत्र येईल ना?’ फोन ठेवण्याआधी तिने तो मला द्यायला सांगितला. ‘काका, एक लक्षात ठेवा. आता कुणालाही, काहीही लिहून देऊ नका.’

निकालाची प्रत मोबाइलवर आली. ती मी ऑफिसात बसून वाचली. इंग्रजी जड होतं, पण एका ठिकाणी मी थांबलो. कबुली स्पष्ट असल्यामुळे पुढे काही तपासण्याची गरज राहत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. हे मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं. बराच वेळ आठवेना. मग उठून मी जुन्या फायलींचं कपाट उघडलं.

ते मीच लिहिलेलं होतं.

आमच्याकडे पीळ देण्याच्या मशीनवर एक कामगार होता, नंदुरबारकडचा, माझ्याच वयाचा. एकदा काही लड्या मापाला कमी भरल्या आणि एका व्यापाऱ्याची तक्रार आली. सुपरवायझरला कुणाचा तरी कागद हवा होता. ते मशीन याचं समजलं जायचं, म्हणून यालाच माझ्याकडे पाठवलं. तो म्हणाला, ‘गुरुजी, त्या आठवड्यात मी त्या मशीनवर नव्हतोच. तुम्हीच तर बदली करेल होती माझी.’ खरं होतं ते. बदलीच्या चिठ्ठीवर माझी सही होती. पण दुपार होती, आणि मला ते प्रकरण हातावेगळं करायचं होतं. मी कागद पुढे सरकवला. ‘अरे लिहून दे, संपून जाईल.’

‘पण मी करेलच नाही, तर लिहू कसं?’

‘मी सांगतो तसं.’

त्याने लिहिलं. फायलीत त्याचे आधीचे दोन माफीनामे होते, एक उशिराचा, एक बिडीचा. हा तिसरा. वर्षभराने माणसं कमी करायची ठरली, तेव्हा तीन कागद असलेली फाइल माझ्याच हाताने शेठच्या टेबलावर गेली आणि त्याला काढलं. वर मी टाचण जोडलं होतं: कामगाराने चूक लेखी मान्य केलेली असल्याने चौकशीची आवश्यकता नाही.

आणखी एक सांगायचं राहिलंय. पुढे जवळच्याच सायली गावातल्या एका कंपनीतून त्याच्याबद्दल विचारणारा फोन आला होता. तोही मीच घेतला होता. फाइल उघडून पाहिली आणि म्हणालो, रेकॉर्ड चांगलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी राखोलीला गेलो. नदीच्या पुलाअलीकडे चाळीत तो राहतो, हे कारखान्यातल्या एकाने सांगितलं. तो दारात खुर्ची टाकून दाढी करत होता. मला पाहून वस्तरा हातात तसाच राहिला.

‘या गुरुजी. कागद आणला का?’

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. ‘कोण आहे?’

‘शुद्धलेखनवाले गुरुजी.’

ती बाहेर आली, मला नीट पाहून घेतलं. ‘हे का ते? घरात मी यांना काही बोलले का हे लगेच म्हणतात, लिहून देऊ का? तुमच्यापासून शिकले वाटतं.’

मी हसू शकलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कोर्टाचं, पत्राचं, त्याच्या फायलीचं, फोनचंही. तो चेहरा पुसत ऐकत होता. फोनचं ऐकल्यावर त्याचा हात थांबला.

‘तो फोन तुम्ही घेतला?’

‘हो.’

‘मी तेव्हापासून ठेक्यावर आहे, सायलीलाच. पर्मनंटची गोष्ट निघाली की ऑफिसवाले म्हणतात, जुन्या कंपनीचं पाहू. मला वाटायचं, सुपरवायझरनं काडी केली.’

‘माझं चुकलं,’ मी म्हणालो. ‘मला माफ कर.’

‘हे तोंडी आहे,’ तो म्हणाला. ‘आमचं कसं, लेखी होतं.’

त्याच्या बायकोने चहा ठेवला. त्याने आतून मुलीच्या वहीचं एक पान फाडून आणलं आणि पाट पुढे ओढला. मला वकीलबाईंचं बोलणं आठवत होतं. कंपनीचा माणूस असं लिहून देतो याचा अर्थ काय होतो, हे आता मला शिसवी ठशाइतकं स्पष्ट ठाऊक होतं. शेठना मी विचारलंही नव्हतं. नोकरी जाईल का, याचा विचार वाटेत बसमध्ये करून झाला होता, आणि निष्पन्न काही झालं नव्हतं. मी लिहायला घेतलं. अमुक कामगाराने मापात कमी भरलेल्या लड्यांबाबत जो माफीनामा लिहिला तो मी सांगितला म्हणून लिहिला. त्या आठवड्यात ते बहुधा त्या मशीनवर नव्हते.

त्याने कागद घेतला, ओळीखाली बोट फिरवत वाचला. बोट एका जागी थांबलं.

‘हे बहुधा काय आहे?’

‘म्हणजे... तारखा इतक्या नेमक्या आता—’

‘बदलीची चिठ्ठी आहे ना फायलीत? तुमची सही आहे ना?’

‘आहे.’

‘माझ्या कागदात होतं का बहुधा?’

‘नव्हतं.’

‘मग काढा.’

मी पेन उचललं आणि शब्दावर रेघ मारणार, एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. रागाने नाही. माझ्याच टेबलापुढे उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलेल्या माझ्याच सुरात तो म्हणाला, ‘खाडाखोड चालणार नाही. नवा कागद घ्या.’ त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि मग वहीचं दुसरं पान आणायला आत गेली.

या वेळी तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो.